लाल कुलूप, पाच पिना आणि सगळ्या खोटारड्या : अमेरिकन लॉक ११००

दाराला किंवा गोडाऊनला लावायला कुलूप शोधताय म्हणून कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी खाली थोडं लिहिलंय, पण मी हे कुलूप कशाला लावायला घेतलेलंच नाही. किल्ली बाजूला ठेवून उघडायला घेतलं. न्यू जर्सीत राहतो, रात्री पोरं झोपली की सोफ्यावर बसून कुलपं उघडायचा नाद लागलाय गेली दोन वर्षं. स्वतःची, विकत घेतलेली कुलपं हां. कुणी सुडोकू सोडवतं, कुणी क्रोशाचं विणतं, तसंच हे. बायकोचं म्हणणं दारू-सिगरेट नाही ना मग कुलूप तर कुलूप. आई मात्र पहिल्यांदा इकडे आली आणि माझं हे चाललेलं बघितलं तेव्हा बाबांना म्हणाली, "एवढं शिकवलं आणि हा दरोड्याची प्रॅक्टिस करतोय."

तर अमेरिकन लॉक या कंपनीचं ११०० मॉडेल. लाल रंगाचं, ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचं भरीव कुलूप, रुंदीला ३८ मिलिमीटर म्हणजे दीड इंच, कडी ६ मिलिमीटरची. हातात घेतलं की हलकं लागतं, आपल्याकडच्या पितळी कुलपाची सवय असलेल्या माणसाला खेळण्यातलं वाटेल. मी तीन जुनी मिळून २५ डॉलरला घेतली, एकावर कुणा कामगाराचं नाव मार्करनं लिहिलेलं होतं ते स्पिरिटनं पुसून टाकलं. या हौसेत ज्याला त्याला हेच कुलूप सुचवतात आणि त्याचं कारण एकच, त्याच्या पोटातल्या सिक्युरिटी पिना, म्हणजे किल्लीशिवाय उघडणाऱ्याला फसवायला मुद्दाम वेगळ्या आकाराच्या केलेल्या पिना. रेटिंग द्यायचं तर शिकायचं कुलूप म्हणून पाचपैकी पाच, का ते सांगतो.

आधी साधं कुलूप कसं उघडतं ते कळल्याशिवाय याची मजा कळणार नाही. मी हे सगळं बाबांना समजावून सांगायला गेलो होतो आणि पाच मिनिटात तेच मला सांगायला लागले. बाबांची ३४ वर्षं पिंपरीत टूलरूममध्ये गेली. मी म्हटलं, बाबा हा गोल फिरणारा भाग म्हणजे प्लग, त्यात पाच भोकं, प्रत्येक भोकात खाली एक पिन जी किल्लीला टेकते, तिच्या डोक्यावर दुसरी पिन आणि त्यावर स्प्रिंग. वरची पिन अर्धी प्लगमध्ये अर्धी बाहेर अशी आडवी आलेली असते म्हणून प्लग फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की पाचही जोड्यांचा सांधा नेमका प्लगच्या काठाशी येतो आणि प्लग मोकळा. मग किल्लीशिवाय कसं उघडतं तर एक वाकडी पट्टी किल्लीच्या भोकात अडकवून प्लगला हलका पीळ द्यायचा आणि दुसऱ्या बारीक तारेनं एकेक पिन वर ढकलायची. बाबा म्हणाले, "पण पीळ दिला तर पाचही एकदम आवळतील ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच, "नाही, नाही आवळणार. ड्रिल थोडं तरी भरकटतंच. पाच भोकं एका रेषेत कुणाचीच येत नाहीत."

अख्खी हौस या एका वाक्यावर उभी आहे. भोकं केसभर मागेपुढे असतात, म्हणून एका वेळी एकच पिन खरी आवळली जाते, ती शोधायची, ती काठापर्यंत चढवली की हाताला टक असं जाणवतं, प्लग अगदी किंचित सरकतो, वरची पिन वरच्या वर अडकून बसते, मग पुढची आवळते. असं पाच वेळा केलं की संपलं. साध्या पिनांचं कुलूप असेल तर एवढंही करावं लागत नाही, वाकडीतिकडी तार आत घालून खसाखसा पुढेमागे घासली तरी अर्ध्या मिनिटात उघडतं. सुरुवातीला मी ऑनलाइन एक सेट मागवला होता, त्यात पारदर्शक प्लॅस्टिकचं प्रॅक्टिस कुलूप आलं, आतलं सगळं दिसतं, ते पहिल्याच दिवशी उघडलं आणि मला वाटलं झालं आपण एक्सपर्ट. नंतर कळलं त्याची भोकं एवढी ढिली होती की ते शिंक आली तरी उघडलं असतं. सेटमधली पीळ द्यायची पट्टीसुद्धा मेणाची असावी तशी वाकली. त्या सेटच्या नादी लागू नका, वेगळी दोन-तीन हत्यारं चांगली घ्या, बस.

आता ११०० कडे. मी पहिल्या रात्री पीळ दिला, घासाघास केली, काहीच नाही. मग एकेक पिन नीट शोधत गेलो, टक, टक, टक, आणि एकदम प्लग डोळ्याला दिसेल इतका फिरला आणि थांबला. मला वाटलं उघडलं! कडी ओढली, ढिम्म. परत ढकललं, सगळ्या पिना बसल्यासारख्या, कुठेच काही आवळलेलं नाही, आणि कुलूप बंदच. याला हौशी लोक फॉल्स सेट म्हणतात, मी चकवा म्हणतो. आजी सांगायची ना, रात्री रानात चकवा लागतो आणि माणूस ओळखीच्या वाटेनं चालतोय असं वाटत असताना त्याच आंब्याखाली फिरत राहतो, अगदी तसंच. मी त्या आंब्याखाली चार रात्री काढल्या.

चकवा कशामुळे लागतो ते बाबांनी दाखवलं. या कुलपाची अजून एक चांगली गोष्ट अशी की ते सोडवता येतं. कडी उघडी केली की कडीच्या भोकात खाली एक स्क्रू दिसतो, तो काढला की सिलिंडर, म्हणजे प्लग आणि पिना असलेला भाग, खालून बाहेर येतो, फोडतोड काही नाही. मी डायनिंग टेबलवर पांढरा टॉवेल पसरून (पांढराच पसरा, कार्पेटवर गेलेली पिन पुन्हा मिळत नाही, स्वानुभव) सगळ्या पिना काढून मांडल्या. एकेक पिन जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, चिमट्यानं एक उचलली, खिडकीशी नेली आणि म्हणाले, "अगं बघितलंस का, तुझं रीळ." आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. खरंच रीळ होतं. दोन टोकांना जाड, मध्ये कंबर बारीक. इंग्रजीत तिला स्पूलच म्हणतात म्हणजे नावही तेच की.

गंमत त्या कंबरेत आहे. पीळ देऊन पिन वर चढवताना तिची बारीक कंबर प्लगच्या काठाशी येते तेव्हा तिथे मोकळी जागा मिळते, प्लग त्या जागेत सरकतो, म्हणून तो फिरल्यासारखा वाटतो. पण पिनेचा खालचा जाड भाग अजून प्लगच्या भोकातच असतो, त्याची कड काठाखाली अडकते, आणि जितका जोर लावाल तितकी ती घट्ट धरून बसते. साध्या कुलपात नवशिक्याचा हात जे करायला शिकतो, म्हणजे अडलं की जोर वाढव, तेच इथे उलटतं. इथे पीळ सोडावा लागतो. पूर्ण सोडायचा नाही, श्वास सोडल्यासारखा थोडासाच. त्या रिळाला खालून दाब दिला की प्लग उलटा, मागच्या बाजूला फिरायला लागतो, पट्टी बोटाला परत ढकलते, आणि तिला तसं जाऊ द्यायचं. मागे जाता जाता जाड कड काठाच्या वर निसटते आणि प्लग परत पुढे येतो. हे होत असताना आधी बसवलेली एखादी पिन घसरून खाली पडते, मग ती परत बसवा. माझ्या बाबतीत दर वेळी पडायचीच. दुसरी बसवली की चौथी पडायची, चौथी बसवली की दुसरी, हिशोब संपतच नव्हता.

तरी माझं मत असं की रीळवाली पिन तशी सज्जन आहे. ती खोटं बोलते पण बोलताना पकडली जाते. प्लग एवढा मोठा फिरला म्हणजे आत रीळ आहे हे तिनेच सांगितलं, आणि कुठली पिन ते उलटं फिरण्यावरून कळतं. सगळ्याच पिना रिळाच्या असलेलं कुलूप एकदा जमलं की जमलं. खरी लबाड ती दुसरी, जिला सेरेटेड म्हणतात. बाबांनी ती बघून "याला आटे पाडलेत" म्हटलं आणि मग भिंगातून बघून स्वतःला दुरुस्त केलं, "आटे नाहीत, वेगवेगळ्या खाचा आहेत. आटा असता तर चढत गेला असता." बारीक बारीक गोल खाचा, एकाखाली एक. वर चढवताना प्रत्येक खाच काठाला अडकते आणि दर वेळी टक. तोच टक ज्याच्यासाठी आपण कान लावून बसलेलो असतो. साध्या पिनेत एक टक म्हणजे बसली, इथे पहिला टक, दुसरा टक, कुठला खरा कोण जाणे. प्लगही फार फिरत नाही, त्यामुळे चकवा लागलाय हेही कळत नाही. आणि या कंपनीनं आणखी एक केलंय, नुसत्या वरच्या नाही तर खालच्या, किल्लीला टेकणाऱ्या पिनांनाही खाचा पाडल्यात. म्हणजे भीतीपोटी जरा जास्त ढकललं आणि खालची पिन काठाच्या वर गेली की ती तिथेच अडकून बसते, आणि हाताला ते "बसली" असंच वाटतं. मग पीळ पूर्ण सोडून पहिल्यापासून. रात्री साडेअकराला पहिल्यापासून.

यातून एक सवय लागते जी साध्या कुलपानं लागली नसती. टकवर विश्वास ठेवायचा नाही, पिन आत्ता कशी आहे ते बघायचं. तार लावली की पिन स्प्रिंगसारखी खालीवर होत असेल तर तिची पाळीच आली नाही. दगडासारखी असेल तर ती आवळलेली आहे, तिलाच हात घाला. खालची पिन सैल खुळखुळत असेल, वर स्प्रिंगचा दाब नसेल, तर ती बसलेली. आणि वर कुठेतरी मुकाट अडकून पडली असेल तर जास्त ढकलली गेली. एवढं चार प्रकारचं बोटांना कळायला मला दीड महिना लागला. पहिल्यांदा ११०० उघडलं तेव्हा जो आवाज आला, कडी उडाल्याचा, तो ऐकून कुत्रा उठून बसला. मी बायकोला उठवलं नाही, अनुभवानं शहाणा झालोय.

मग मजा अशी झाली की तिघांपैकी दुसरं कुलूप दहा मिनिटात उघडलं. तेच मॉडेल, त्याच पिना! आणि तिसऱ्यानं महिना खाल्ला. त्याचं कारण पिनांपेक्षा किल्लीत होतं. दुसऱ्याची किल्ली बघितली तर दाते जवळपास सारख्या उंचीचे, टेकडीसारखे सौम्य. तिसऱ्याची किल्ली म्हणजे राजगड-तोरणा, एक दाता उंच, शेजारचा खोल दरीत, परत उंच. खोलवरच्या पिनेला उंच ढकलायचं तर पुढच्या आधीच बसलेल्या पिनेला तार लागते आणि ती जास्त वर जाते. म्हणून सिक्युरिटी पिना आहेत म्हणजे कुलूप अवघड, हे अर्धंच खरं. पिना किती, त्यांची सरमिसळ कशी, किल्ली कशी कापलीय आणि भोकं किती नेमकी पाडलीत, हे सगळं मिळून ठरतं. ढिल्या भोकांच्या स्वस्त कुलपात रीळ टाकलं तर ते रीळ आपलं गप्प बसून राहतं, कारण पिनेला बाजूने एवढी जागा असते की कड अडकतच नाही. खोक्यावर मात्र "अँटी पिक" छापता येतं. आणि मिश्रण सगळ्यात वाईट. माझ्या तिसऱ्या कुलपात पहिली आणि पाचवी खाचांची, दुसरी आणि चौथी रीळ, आणि मधली खाचा पाडलेलं रीळ, दोन्ही रोग एकीतच. रिळांसाठी पीळ सोडला की खाचांच्या पिना घसरतात, खाचांसाठी धरून ठेवला तर रीळ हलत नाही.

हौशी लोकांचा लॉक पिकर्स युनायटेड म्हणून गट आहे, त्यांच्यात कराटेसारखे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत बेल्ट असतात, त्यात ११०० हिरव्या बेल्टला येतं. म्हणजे बऱ्यापैकी खालीच. वरच्या बेल्टांची कुलपं बघितली की आपण कुठे आहोत ते कळतं. स्वीडनच्या 'असा' (Assa) नावाच्या कंपनीच्या काही सिलिंडरमध्ये तर पिनेबरोबर प्लगच्या भोकाच्या तोंडालाही कड ठेवलेली असते, पिनेची कड त्या कडेत अडकते. मी त्या वाटेला अजून गेलेलो नाही.

एक जाता जाता. खोटी खाच हा प्रकार काही नवा नाही. लंडनला ब्रामा नावाच्या कुलूपवाल्यानं पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलं होतं, जो उघडेल त्याला २०० गिनी. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसानं ते उघडलं, १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. त्यात पिना नसून पट्ट्या होत्या आणि त्या पट्ट्यांना मुद्दाम खोट्या खाचा पाडल्या होत्या. त्याच माणसानं तेव्हाचं चबचं नावाजलेलं कुलूप पंचवीसेक मिनिटात उघडून दाखवलं होतं. हे बाबांना सांगितलं तर त्यांना हॉब्जपेक्षा त्या खाचा कशानं पाडल्या असतील यातच इंटरेस्ट. आमच्या चिंचवडच्या घराला जुनं गोदरेजचं कुलूप आहे, ते लिव्हरचं, म्हणजे आत किल्लीनं उचलल्या जाणाऱ्या चपट्या पट्ट्या, त्यात या पिनाच नसतात, त्याची हत्यारं वेगळी आणि हातही वेगळा लागतो. अर्देशीर गोदरेजनी १८९७ ला लालबागला कुलपं करायला घेतली तेव्हापासून आपल्याकडे कुलूप म्हटलं की लिव्हर, त्यामुळे माझी ही विद्या चिंचवडला शून्य कामाची. आईला हे सांगितल्यावर तिला फार बरं वाटलं.

आता ज्यांना खरंच लावायला हवंय त्यांच्यासाठी. ही ११०० सिरीज मुळात कारखान्यातल्या लॉकआउटसाठी जास्त विकली जाते. मशीनच्या आत हात घालायच्या आधी माणूस मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं लाल कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात, म्हणजे बाहेरून कुणी चुकून चालू करणार नाही. अमेरिकेत १९८९ पासून त्याचा नियमच आहे. किल्ली उघड्या कुलपातून निघत नाही तेही त्यासाठीच, लावल्याशिवाय माणूस किल्ली घेऊन जाऊच शकत नाही. बाबा म्हणाले आमच्या वेळी "काम चालू आहे, स्विच लावू नये" असा पत्रा टांगायचो आणि देवाचं नाव घ्यायचो. तर असं हे कुलूप, कडी दोन्ही बाजूंनी बेअरिंगच्या गोळ्यांनी धरलेली, त्यामुळे पत्र्याची पातळ पट्टी घुसवून उघडणं होत नाही. पण अंग ॲल्युमिनियमचं आणि कडी ६ मिलिमीटरची, मोठा बोल्ट कटर आणलेल्या माणसाला पिना रिळाच्या आहेत का खाचांच्या याच्याशी काही देणंघेणं नाही. लॉकरला, सायकलच्या शेडला, टूलबॉक्सला उत्तम. दुकानाच्या शटरला मी लावणार नाही, तिथे जाड कडीचं, कडी झाकलेलं काहीतरी घ्या.

शिकायला घेत असाल तर दोनच नियम आहेत आणि ते सगळीकडे पाळले जातात, जे कुलूप आपलं नाही त्याला परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि जे वापरात आहे त्याला तर आपलं असलं तरी लावायचा नाही. दुसरा नियम मी मोडला होता. मागच्या दाराचं कुलूप, आत स्प्रिंग वाकडी झाली, रविवारी संध्याकाळी लॉकस्मिथ बोलावला, त्यानं १४० डॉलर घेतले आणि टेबलावरची माझी हत्यारं बघून एक शब्द बोलला नाही, नुसता हसला. हत्यारं जवळ ठेवण्याचा कायदाही इथे राज्याराज्यात वेगळा आहे तो बघून घ्या.

बाबांनी परत जायच्या आदल्या रात्री एक उद्योग केला. मी ऑफिसच्या कॉलवर होतो तेव्हा त्यांनी तिन्ही कुलपांच्या वरच्या पिना टॉवेलवर एकत्र केल्या आणि आपल्या मनानं निवडून एका कुलपात भरल्या. खालच्या पिनांना हात लावला नाही, त्यामुळे किल्ली तीच चालते, पण आत काय आहे ते मला माहीत नाही. कुलूप बंद करून टेबलावर ठेवलं, म्हणाले बघ जमतं का. आज सहा आठवडे झाले. चकवा लागतो, पण इतका छोटा की तो रिळाचा वाटत नाही, तिसरी पिन दगडासारखी आहे आणि पीळ सोडला की पहिली पडते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांचा पहिला प्रश्न, "उघडलं का?" मागच्या रविवारी मी म्हटलं जाऊ दे, किल्लीनं उघडून बघतो आत काय घातलंय तुम्ही. तर आईनं फोन हातात घेतला, कॅमेरा देवघराकडे फिरवला, कुंकवाच्या करंड्याशेजारी किल्ली ठेवलेली.